जुहू ते कराची : अंतर किती?

अंधेरी-पार्ल्याच्या पश्चिमेला असलेल्या जुहू विमानतळावर आज मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते. पण भारतीय हवाई टपालाचा इतिहास याच मैदानाशी जोडलेला आहे. इंग्लंडहून येणारे हवाई टपाल तेव्हा कराचीपर्यंत येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते घेऊन जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या विमानातून एकटेच निघाले. वाटेत अहमदाबादला इंधन भरले आणि दुपारी जुहूला उतरले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी हाच प्रवास पुन्हा केला.

मुंबई-कराची हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. जेट विमानाने ते जेमतेम दीड तासाचे झाले. मात्र १९७१ च्या युद्धाने तुटलेली हवाई वाहतूक १९७६ मध्ये जोडली गेली, २००२ मध्ये पुन्हा तुटली, २००४ मध्ये सुरू झाली. आज थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचे तर ३,००० किलोमीटरांहून अधिक फेरा पडतो, तोही व्हिसा मिळाला तर.

फाळणीने आपली कित्येक घरे या दोन शहरांत वाटली गेली. इथे भाऊ, तिथे बहीण. लग्नाची दावत फोनवर मिळते आणि मय्यतीची खबरही फोनवरच येते. आम्ही वर्गात मुलांना शिकवतो की अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो. पण या ८७५ किलोमीटरांचे उत्तर त्या सूत्राने निघत नाही. १९३२ च्या त्या चिमुकल्या विमानाला एक सकाळ पुरली होती. आज कित्येकांना उभी हयात पुरत नाही.