चिबा अकिओ यांच्या बेसबॉल चित्रकथांतील वास्तवदर्शन

डिसेंबर 2012 मध्ये कलर्स या दूरचित्रवाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही सचेतपट मालिका सुरू झाली. मुंबईच्या गरीब वस्तीतील मुलगा वडिलांच्या कठोर शिकवणुकीतून क्रिकेटपटू होतो, असे तिचे कथानक होते. वस्तुतः ते ‘क्योजिन नो होशी’ या जपानी चित्रकथेचे रूपांतर होय. काजिवारा इक्की यांचे लेखन व कावासाकी नोबोरू यांची चित्रे असलेली ही मूळ बेसबॉलकथा 1966 ते 1971 या काळात प्रसिद्ध झाली. तिचा नायक बालपणी अंगावर स्प्रिंगांचे जोखड वागवतो आणि पुढे जवळजवळ चमत्कार वाटावा असा चेंडू टाकतो. मुंबईत पोहोचली ती जपानी क्रीडाकथेची ही अद्भुतरम्य शाखा. तिच्या अगदी विरुद्ध टोकाची शाखा चिबा अकिओ यांनी घडविली. तिचा परिचय आपल्याकडे फारसा नाही.

बेसबॉल जपानमध्ये रुजला तो विद्यालयांच्या आश्रयाने. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने 1872 च्या सुमारास तो तेथील विद्यार्थ्यांना शिकविला. 1915 पासून माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली आणि 1924 मध्ये कोशिएन मैदान उभे राहिले. शाळेचा संघ हा तेथे गावाच्या प्रतिष्ठेचा विषय असतो. चिबा यांनी कथेसाठी नेमके हेच क्षेत्र निवडले.

चिबा यांचा जन्म 1943 चा, मांचुरियातला. युद्धानंतर कुटुंब जपानला परतले. थोरले बंधू चिबा तेत्सुया हे नामांकित चित्रकथाकार. त्यांच्या हाताखाली अकिओ यांनी उमेदवारी केली. 1972 मध्ये त्यांची ‘कॅप्टन’ ही मालिका सुरू झाली व 1979 पर्यंत चालली. ‘प्ले बॉल’ ही तिची पुढील कथा 1973 ते 1978 या काळात समांतर चालू होती. या दोन कृतींसाठी त्यांना शोगाकुकान पुरस्कार लाभला.

‘कॅप्टन’चा नायक तानिगुची हा बलाढ्य आओबा विद्यालयातून एका सामान्य शाळेत येतो. तो तेथील प्रमुख खेळाडू असावा, असा नव्या सोबत्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तो दुय्यम संघातलाही राखीव! हा गैरसमज दूर करण्याचे धैर्य त्याला होत नाही. तेव्हा समजुतीला पात्र ठरण्याचा एकच मार्ग उरतो. सुतारकाम करणाऱ्या वडिलांच्या साहाय्याने तो रात्री देवळाच्या आवारात सराव करू लागतो. संकोचातून जन्मलेली ही जिद्द वाचकाला पटते, कारण तीत वीरश्रीचा लवलेश नाही. तो उत्तीर्ण झाल्यावर कर्णधारपद दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे. शालेय संघाचे हे नैसर्गिक रहाटगाडगे चिबा यांनी कथेचा सांगाडा म्हणून वापरले.

विशेष म्हणजे या सरावाची किंमतही त्यांनी दाखविली. इगाराशी या कर्णधाराच्या कारकिर्दीत अतिरेकी सरावात एक मुलगा जायबंदी होतो, पालक संतापतात आणि संघाला स्पर्धेतून माघार घ्यावी लागते. तानिगुचीचे मोडलेले बोटही आपोआप बरे होत नाही. ‘प्ले बॉल’मध्ये नीट फेक जमत नसल्याने तो आधी फुटबॉल संघात शिरतो आणि बेसबॉलकडे परतल्यावर एक टप्पा देऊन चेंडू फेकण्याची युक्ती शोधतो. काजिवारांच्या कथेत शरीर इच्छाशक्तीपुढे नमते. येथे इच्छाशक्तीला शरीराशी तडजोड करावी लागते. वास्तववाद हा शब्द चिबा यांना लागू करायचा तो या अर्थाने.

त्यांची प्रकृती मात्र साथ देत नव्हती. मानसिक व्याधीने ग्रस्त असलेल्या चिबा यांनी 1984 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, आत्महत्या केली. 2017 पासून ‘प्ले बॉल’ची पुढील कथा दुसऱ्या चित्रकाराने हाती घेतली.

महाराष्ट्राच्या शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल व सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांना स्थान आहे. नेर परसोपंतसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्हास्तरावर जाणाऱ्या संघातील राखीव खेळाडूला सूरजपेक्षा तानिगुची अधिक ओळखीचा वाटेल.