विषाचें नांव औषध

शास्त्रीय ज्ञान लोकांपर्यंत पोंचत नाहीं तें लोकांच्या अज्ञानामुळें, असें सुशिक्षितांच्या बैठकींत नेहमीं ऐकूं येतें. यवतमाळ जिल्ह्याचा अलीकडील इतिहास पाहतां आम्हांस हें मत मान्य करवत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ दूर केरळांत आहे. १९५८ सालीं तेथें वाहतुकींत पॅराथिऑन हें कीटकनाशक अन्नपदार्थांत मिसळलें जाऊन शंभराहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या अनर्थानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम झाले. विषाच्या तीव्रतेप्रमाणें डब्यावर लाल, पिंवळी, निळी किंवा हिरवी खूण असावी, सूचना प्रादेशिक भाषेंतहि असाव्या, असें ठरलें. सांगावयाचें तें सांगून झालें, असा सर्वांचा समज झाला.

पुढें २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों लोकांस विषबाधा झाली व वीसाच्या आसपास माणसें दगावलीं. त्या वर्षीं पीक माणसाच्या उंचीएवढें वाढलें होतें; फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर येत. कित्येकांनीं दोन-तीन द्रव्यें एकत्र केलीं होतीं. यांतील फॉस्फरसयुक्त द्रव्यें श्वासावाटेंच नव्हे, तर कातडींतूनहि शरीरांत शिरतात व मज्जातंतूंचें कार्य बिघडवितात, हें शास्त्रास केव्हांपासूनच ठाऊक होतें. मग तें शेतांत कां पोंचलें नाहीं?

याचें एक कारण उघड आहे. फवारणारा पुष्कळदां मजूर असतो. त्याच्या पाठीवर पंप येतो, डबा त्याच्या दृष्टीसहि पडत नाहीं. कोणतें द्रव्य किती घालावें हें सांगणारा मनुष्य बहुधा तें विकणारा दुकानदारच असतो.

दुसरें कारण आपल्या भाषेंत आहे. या विषास आपण सारे 'औषध' म्हणतों. औषध म्हटलें कीं तें गुणकारी. चार थेंब अधिक पडले तर गुण लवकर येईल, ही समजूत ओघानेंच येते. हिरवी खूण सौम्य विषाची खरी. परंतु हिरव्या रंगाची भीति शेतकऱ्यास कशी वाटावी?

येथें खोटी वार्ता कोणी उठविली नव्हती. ती नित्याच्या शब्दांतच होती. म्हणून नवीं पत्रकें छापण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, फवारणीच्या दिवशीं बांधावर मजुराशीं त्याच्या बोलींत कोण बोलणार आहे. आणि त्या बोलण्याचा पहिला शब्द 'विष' हाच असावा.