बिघाड मूत्रपिंडात नव्हताच! श्रीकांत माने आणि येलची जीनोम लॅब



आजची गोष्ट सुरू होते तुर्कस्तानात. पाच महिन्यांचं एक बाळ. वजन वाढत नाही, अंगातलं पाणी सारखं कमी होतंय. डॉक्टरांना शंका आली बार्टर सिंड्रोमची, म्हणजे मूत्रपिंडातून मीठ वाहून जाण्याच्या आजाराची. हा आजार जनुकातल्या दोषामुळे होतो. म्हणून बाळाचा डीएनए पोचला अमेरिकेत, येल विद्यापीठात, रिचर्ड लिफ्टन यांच्या टीमकडे.

आता तो काळ बघा. ह्यूमन जीनोम प्रोजेक्टला १९९० ते २००३ अशी १३ वर्षं लागली होती. माणसाचा जीनोम म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरं! येलच्या टीमनं ठरवलं, सगळं वाचायचंच नाही. प्रथिनं बनवायच्या सूचना साधारण एक टक्का भागात असतात, तेवढाच वेगळा काढून वाचायचा. याला म्हणतात एक्सोम सीक्वेन्सिंग.

बाळाचे आईवडील जवळच्या नात्यातले होते. अशा वेळी एकच दोष दोघांकडून येऊ शकतो. म्हणून जिथे जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या, तिथे शोध घेतला. आणि सापडलं काय? एसएलसी२६ए३ नावाच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं. पण हे जनुक काम करतं आतड्यात!

आपल्या भाषेत सांगायचं तर बगचं तिकीट चुकीच्या मॉड्यूलवर टाकलं होतं. मीठ जात होतं ते जुलाबातून. या आजारात शौच इतकं पातळ असतं की ते लघवीच वाटू शकतं. तिकडच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि निदान पक्कं झालं. मग बार्टरचाच संशय असलेले आणखी ३९ रुग्ण तपासले, तर त्यातल्या पाच जणांत याच जनुकाचा दोष निघाला.

२००९ मध्ये हा शोधनिबंध आला. लेखकांच्या यादीत शेवटचं नाव लिफ्टन यांचं, आणि त्याच्या अगदी आधीचं नाव श्रीकांत माने. नाव ऐकून कान टवकारले ना?

माने पुढे येल सेंटर फॉर जीनोम ॲनालिसिसचे संचालक म्हणून ओळखले गेले. बायर कंपनीकडून येलनं २००७ मध्ये घेतलेल्या वेस्ट कॅम्पसवरचं हे केंद्र. इथलं काम हेडलाइनचं नाही. अनेक प्रयोगशाळांचे नमुने घ्यायचे, त्यांचा दर्जा तपासायचा, मशीन अखंड चालू ठेवायची, डेटा चोख द्यायचा. एका ट्यूबचं लेबल चुकलं की कुणाच्या तरी बाळाचं निदान चुकलं. २०११ मध्ये अमेरिकन सरकारनं दुर्मीळ आनुवंशिक आजारांची जनुकं शोधायला केंद्रं उभारली, त्यात येल होतं आणि तिथल्या प्रमुखांमध्ये माने होते.

हे सगळं मी का सांगतोय? माझं गाव नांदूरघाट, तालुका केज. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न यात कुणाला नवल वाटत नाही. अशा घरात बाळ सारखं आजारी पडलं की आधी नजर उतरवतात, मग आईला बोल लावतात. पण वरची गोष्ट नीट बघा. दोष दोन्हीकडून आलेला असतो, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

म्हणून डॉक्टरांनी "लग्न नात्यात झालंय का?" असं विचारलं, तर लाजून नाही म्हणू नका. येलमध्ये उत्तर सापडलं, त्याचा एक धागा हाच होता.

भेटू पुढच्या भागात!