पोच मिळेपर्यंत : संदेशरांगांची जन्मकथा

संकेतस्थळावर खाते उघडणाऱ्याला ‘नोंदणी झाली’ हे उत्तर क्षणार्धात मिळावे लागते. त्यामागची कामे मात्र वेळखाऊ असतात: ईमेल पाठवणे, छायाचित्रे लहान करणे, पावत्या बनवणे. म्हणून सर्व्हर उत्तर देऊन मोकळा होतो, उरलेले काम रांगेत ठेवतो आणि पडद्याआडचा दुसरा प्रोग्रॅम ते यथावकाश उचलतो. या रांगेतले काम हरवले तर काय, हा प्रश्न वेबपेक्षा जुना आहे.

१९८० च्या दशकात मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ‘द इन्फर्मेशन बस’ घडवली. संगणकाच्या पोटातले भाग ‘बस’ नावाच्या एकाच सामाईक मार्गाने जोडलेले असतात. तीच कल्पना येथे प्रोग्रॅमांना लावली गेली. शेअरचा भाव पाठवणाऱ्याला तो कोण वाचणार हे ठाऊक असण्याचे कारण उरले नाही; ज्याला हवा त्याने त्या विषयासाठी नाव नोंदवायचे. १९९४ मध्ये रॉयटर्सने ही कंपनी विकत घेतली. पुढे १९९७ मध्ये टिब्को उभी राहिली.

एखादा भाव निसटला तर पुढच्या क्षणी नवा येतो. पैसे वळते करण्याच्या आदेशाचे तसे नाही. आयबीएमच्या १९९३ च्या एमक्यूसीरीजचे मोल येथे कळते: पलीकडचे यंत्र बंद असले तरी संदेश डिस्कवर सुरक्षित राही. परंतु एका कंपनीची रांग दुसरीशी बोलत नसे आणि परवानेही महाग. अखेर २००३ मध्ये, एका बँकेतच, जेपी मॉर्गन चेसमध्ये, जॉन ओ’हारा यांनी एएमक्यूपी या खुल्या नियमावलीचे काम आरंभिले. २००७ मध्ये तिच्यावर आधारित रॅबिटएमक्यू आले, तेही विनामूल्य. ते लिहिले गेले अर्लांगमध्ये, म्हणजे एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेल्या भाषेत. अखंड चालण्याची सवय असलेली ही भाषा या कामाला शोभलीही.

वेबवरच्या तरुण कंपन्यांना एवढा सरंजाम नको होता. अर्धा डझन व्यवस्था वापरून पाहिल्यावर गिटहबने २००९ मध्ये रेस्क प्रसिद्ध केले. त्याची रांग म्हणजे रेडिसमधली एक साधी यादी. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र प्रक्रिया जन्माला येई. ती कोसळली तरी मूळ कामगार शाबूत राही. मात्र काम उचलताक्षणी यादीतून निघून जाई. मध्येच सारे यंत्रच बंद पडले, तर ते काम आपोआप रांगेत परतत नसे.

रॅबिटएमक्यूत यावर ‘पोच’ आहे. काम संपल्याची पोच येईपर्यंत संदेश राखून ठेवला जातो. कामगाराशी जोडणी तुटली की तो दुसऱ्याकडे जातो. पण काम पुरे करून, पोच देण्यापूर्वीच कामगार कोसळला तर? तेच काम दुसऱ्यांदा होते. पोच आधी घ्यावी तर काम हरवण्याची भीती, नंतर घ्यावी तर दुबार होण्याची. स्वागताचे ईमेल दोनदा गेले तर कोणी हसेल. खात्यातून रक्कम दोनदा वजा झाली तर खातेदार दारात उभा राहील. म्हणून जाणते प्रोग्रॅमर प्रत्येक कामाला वेगळा क्रमांक देतात आणि रक्कम वजा करतानाच, डेटाबेसच्या त्याच व्यवहारात, तो क्रमांक नोंदवतात. संदेश पुन्हा आलाच, तर नोंद पाहून कामगार नुसती पोच देतो.