शाबासकीचं पुढे काय झालं

मूल ऐकून बोलायला शिकतं, हे कळायला पंडित लागत नाही. अकबराला मात्र ते पडताळून पाहायचं होतं. त्याने तान्ही मुलं वेगळ्या वाड्यात ठेवली, दायांना बोलायची बंदी केली. १५८२मध्ये तो स्वतः तिथे गेला, तर मुलं मुकी. वाड्याचं नाव ‘गुंगमहाल’ पडलं. प्रयोग निर्दयच होता.

पण कानावर पडलेलं जिभेवर टिकतं कसं? याचं उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी शोधायला घेतलं ते एका जेवणानंतर. १९३४ साली हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांच्याशेजारी बसून हा तरुण माणूस आपला वर्तनवाद तावातावाने मांडत होता. व्हाइटहेडनी एकच कोडं घातलं: या टेबलावर काळा विंचू पडत नाहीये, असं मी आत्ता म्हणालो, तर ते का, याचा उलगडा करा. स्किनर दुसऱ्याच सकाळी आराखडा मांडायला बसले. ‘व्हर्बल बिहेवियर’ प्रसिद्ध व्हायला १९५७ उजाडलं. मूल ‘पापा’ म्हणतं, पाणी मिळतं, शब्द पक्का होतो. आधी बोबड्यावरही घर खूश. पुढे नेमकं बोलल्याशिवाय कौतुक नाही. याला स्किनर ‘प्रबलन’ म्हणत.

१९५९मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी परीक्षणात या पुस्तकाची चिरफाड केली. मला त्याहून वजनदार वाटतं ते रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांचं १९७०चं काम. मुलांच्या घरातल्या बोलण्याच्या नोंदी तपासल्यावर त्यांना दिसलं, की आया चुकीचं व्याकरण खपवून घेतात, चुकीची माहिती नाही. आपल्याकडेही ‘मी करलं’ला सगळे हसून मान डोलावतात, ‘मी नाही सांडलं’ म्हटलं की उलटतपासणी सुरू. शिवाय ‘करलं’ घरात कुणीच म्हणत नाही, मग ही नक्कल कुणाची?

एवढ्यावर प्रबलनाची गोष्ट संपायला हवी होती. ती पुन्हा सुरू झाली एका पक्ष्यापासून. काउबर्डची मादी गात नाही. पण तिच्या पंखाच्या झटक्यावरून नर आपलं गाणं घडवतो, हे मेरेडिथ वेस्ट आणि अँड्र्यू किंग यांनी दाखवलं. २००३मध्ये त्यांनी मायकेल गोल्डस्टीनसोबत तोच प्रश्न आठेक महिन्यांच्या बाळांबाबत विचारला. काही आयांना हेडफोनमधून सूचना मिळे, की बाळाने आवाज काढताक्षणी हसा, जवळ जा, हात लावा. इतर आयाही तेवढ्याच वेळा हसल्या, पण बाळाच्या आवाजाशी मेळ न ठेवता. पहिल्या गटातल्या बाळांची बडबड तिथल्या तिथे अधिक बोलण्यासारखी झाली. आणि या आया काही बोलल्याच नव्हत्या. नक्कल करायला समोर आवाजच नव्हता.