उर

प्राचीन सुमेर संस्कृतीतील एक नगरराज्य व चंद्रदेव नन्ना (अक्कडी नाव सिन) याचे प्रमुख क्षेत्र. दक्षिण इराकमधील नासिरिया शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १६ किमी.वर असलेल्या या पांढरीच्या टेकाडास तेल अल्-मुकय्यर, म्हणजे ‘डांबराचे टेकाड’, म्हणतात. येथील भाजक्या विटा नैसर्गिक डांबरात बसवलेल्या आहेत. आज युफ्रेटीसचे पात्र दूर गेले असले, तरी प्राचीन काळी ती नगराजवळून वाहत असे व समुद्रही जवळ होता. त्यामुळे उर हे भरभराटीचे बंदर होते.

लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात येथे विस्तृत उत्खनन केले. त्यांना सापडलेल्या राजदफनभूमीतील (इ. स. पू. सु. २६००–२४५०) थडगी समृद्ध आहेत. राणी पुआबीच्या अंगावरील सोने, बदख्शानचा राजावर्त आणि सिंधू खोऱ्याकडून आलेले अकीकाचे मणी व्यापाराची व्याप्ती दाखवतात. एका थडग्यात ७४ सेवक-सेविका पुरलेल्या आढळल्या.

नगराचा खरा धनी नन्ना व राजा त्याचा कारभारी, अशी येथील धारणा होती. अक्कडच्या सारगॉनने आपली कन्या एनहेदुआना हिला नन्नाची महापुजारीण केले. राजकन्येला हे पद देण्याचा प्रघात पुढे अनेक शतके टिकला. उरच्या तिसऱ्या राजवंशाचा संस्थापक उर-नम्मू (इ. स. पू. २११२–२०९५) याने नन्नासाठी झिगुरात हे टप्प्याटप्प्यांचे मंदिर उभारण्यास आरंभ केला. ज्ञात विधिसंहितांपैकी सर्वांत जुनी संहिता त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याचा पुत्र शुल्गी याने ४८ वर्षे राज्य केले व हयातीतच स्वतःस देव म्हणवून घेतले.

मंदिर, राजवाडा आणि कोठार यांचा कारभार एकमेकांत गुंतलेला होता. मृत्पट्टिकांवर सातू, लोकर, गुरे व मजुरी यांच्या काटेकोर नोंदी आढळतात. मजुरांना शिधा मिळे : पुरुषास साधारणपणे महिना ६० सिला (एक सिला म्हणजे सुमारे एक लिटर) सातू, स्त्रीस बहुधा त्याच्या निम्मा. वस्त्रशाळांत मोठ्या संख्येने स्त्रिया राबत. किमतीचे माप चांदी होते, तरी नित्य व्यवहार सातूवर चाले.

इ. स. पू. सु. २००४ मध्ये ईलामींनी नगर लुटले व शेवटचा राजा इब्बी-सिन यास कैद करून नेले. राजवंश बुडाला, व्यापार मात्र उरला. नंतरच्या काळात एआ-नासिरसारखे खाजगी व्यापारी दिलमूनहून (बहरीन) तांबे आणत. त्याच्या मालाच्या हलक्या प्रतीबद्दल नन्नी नावाच्या ग्राहकाने केलेली तक्रार मृत्पट्टिकेवर टिकून आहे. दिलमूनहून परतणारे व्यापारी नन्नाची पत्नी निनगल हिच्या मंदिरात नफ्याचा हिस्सा वाहत.

बॅबिलनचा राजा नबोनिडस (इ. स. पू. ५५६–५३९) याने झिगुरातचा जीर्णोद्धार केला व आपली कन्या नन्नाच्या सेवेस दिली. परंतु नदीने पात्र बदलल्यावर कालवे, शेती व नौकानयन तिन्ही खुंटली. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुमारास उर ओस पडले. दक्षिण इराकमधील दलदली व अन्य अवशेषांसह २०१६ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.