जबलपूरचा टायटन

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना काही अश्मीभूत हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून इतिहासात गाजलेले स्लीमन ते हेच. त्या वेळी ‘डायनोसॉर’ हा शब्दही जन्मास आलेला नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ साली रूढ केला. स्लीमन यांची हाडे डॉक्टर स्पिल्सबरी यांच्या हाती आली आणि तेथून कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली. ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडणाऱ्या या पंडिताला ही दगडी अक्षरे मात्र लागली नाहीत.

१८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीचे मणके आणि मांडीचे एक हाड एवढ्याच भांडवलावर त्या प्राण्याचे बारसे केले : टायटनोसॉरस इंडिकस. टायटन हे ग्रीकांचे आदिदेव, आकाश व पृथ्वी यांची संतती. पुढच्या पिढीतल्या झ्यूसने दहा वर्षे झुंजून त्यांना टार्टारस नामक पाताळात कोंडले. आपल्या बळीला पाताळ मिळाले ते दान देऊन, टायटनांना ते मिळाले पराभवाने. पण नाव समर्पक खरे. नर्मदेवरील लमेटा घाटाचे नाव ज्या खडकांना पडले आहे, त्यांच्या थरांत सुमारे सात कोटी वर्षे हा अवाढव्य जीव गाडला गेला होता.

या नावाने पुढे भलताच प्रवास केला. जपानच्या तोहो कंपनीने १९५४ साली ‘गॉडझिला’ची चित्रपटमालिका सुरू केली. पहिला चित्रपट दिग्दर्शित करणारे इशिरो होंडा यांनीच १९७५ च्या चित्रपटात ‘टायटनोसॉरस’ नावाचा राक्षस आणला. तो समुद्रात राहणारा आणि मूळचा शांत. सूडाने पेटलेला एक शास्त्रज्ञ आणि परग्रहावरचे आक्रमक त्याला लढावयास लावतात. जबलपूरचा प्राणी जमिनीवर चार पायांनी चालणारा, लांब मानेचा, पाला खाणारा. दोघांत साम्य केवळ नावाचे! २०१९ च्या अमेरिकन गॉडझिलापटात तर सगळेच राक्षस ‘टायटन’ झाले. कोंडलेले देव अशा रीतीने पडद्यावर मोकळे सुटले.

इकडे मूळ नावाची मात्र परवड झाली. ज्या खुणांवर लायडेकर यांनी ही जात वेगळी मानली, त्या अनेक भाऊबंदांत आढळू लागल्या. २००३ साली ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव संशोधकांनी संदिग्ध ठरविले. अर्जेंटिनातील महाकाय प्राणी ज्या गटात मोडतात, त्या गटाचे नाव आजही टायटनोसॉर आहे. ज्याच्यावरून ते पडले, तो मूळ पुरुषच वंशावळीतून बाद! शिवाय ती हाडेही कित्येक दशके हरवलेलीच होती. नोंदवहीत नाव आहे आणि वस्तू बेपत्ता आहे, हा प्रकार आपल्या दफ्तरखान्यांना नवा नाही. अखेर २०१२ साली स्लीमन यांच्या मणक्यांपैकी एक कलकत्त्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्याच संग्रहात सापडला.